डब्लोच्या मोटारीतला चुंबक

१९३८ साली लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या मेकॅनो कारखान्यातून ‘हॉर्नबी डब्लो’ या छोट्या विजेच्या आगगाड्या बाजारात आल्या. मधल्या तिसऱ्या रुळातून १२ व्होल्ट डी.सी. घेणारी त्यांतली पुष्कळ इंजिनं आजही चालतात. का? तर मोटार उघडता येते म्हणून. कार्बन ब्रश झिजले, बदला. कम्युटेटर काळा पडला, पुसा, फटींतली भुकटी काढा. बेअरिंगला तेलाचा एकच थेंब. जास्त झालं तर ते कम्युटेटरवर जातं आणि पुन्हा काजळी धरते.

खरा प्रश्न चुंबकाचा आहे. सुरुवातीच्या मोटारींत नालाकृती चुंबक होता. युद्धानंतर लहान अल्निकोचा ठोकळा आला. चुंबक दुबळा झाला की गंमत बघा: तेवढेच डबे ओढायला मोटार जास्त करंट घेते, आर्मेचर तापतं, आणि आपण दोष देतो वाइंडिंगला! आर्मेचर काढताना चुंबकाच्या ध्रुवांना लोखंडी पट्टी जोडली नाही, तर साफसफाईतच तो आणखी उतरतो.

यावर उपाय दोन. जुन्यालाच पुन्हा चुंबकत्व द्यायचं, नाहीतर निओडिमियम बसवायचा. दुसरा सोपा आहे, पण मग इंजिनाची ओढ मूळची राहत नाही. कारखाना १९७९ साली बंद झाला. तिथं काय आणि कसं बनत होतं, याचा पुरावा या मोटारींतच उरला आहे. तेव्हा चुंबक बदललात, तर जुना फेकू नका. चिठ्ठी लावून इंजिनाच्याच खोक्यात ठेवा.