माळा गेला, शेड आली

जुन्या पनवेलच्या कौलारू घरांत माळा म्हणजे अडगळीची जागा. आंब्याची अढी, जुनी भांडी, वापरात नसलेला पाळणा, सगळे तिथे जाई. पण भर मे महिन्यात माजघरात चटई टाकली की दुपारची झोप लागे, ती या माळ्याच्या जोरावर. कौले तापली तरी त्यांच्या फटींतून गरम हवा निघून जाई आणि उरलेली झळ तक्तपोशीच्या वरच अडे.

हे छप्पर सांभाळायला मेहनत पडे. कुंभाराची नळ्याची कौले मांजरा-माकडांच्या वावराने सरकत, म्हणून पावसाआधी शाकारणी व्हायचीच. शाकारणारा आढ्यापर्यंत चढे, एकेक कौल उचलून झाडी, फुटके खाली देई, कुजलेली रीप बदली आणि पुन्हा ओळी लावत उतरे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौले पुढे कोकणभर पसरली आणि शाकारणीचे काम हलके झाले. माळा मात्र राहिला.

कोकणाला त्याची गरजही अधिक. विदर्भात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारले की वारा गार होतो. कूलरही त्याच तत्त्वावर चालतो. पनवेलची हवा खाडीमुळे आधीच दमट. तिथे पाणी सहज उडत नाही, अंगावरचा घामही वाळत नाही. असा उकाडा किती घातक, ते १६ एप्रिल २०२३ रोजी पनवेल तालुक्यातल्याच खारघरला दिसले. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने जीव गेला. सावली आणि वारा हेच इथले खरे उपाय. ओटी, पडवी आणि समोरासमोरची दारे त्यासाठीच होती.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि पुढे रेल्वेमार्गाच्या पूर्वेला नवीन पनवेल उभे राहिले. नव्या मुंबईच्या आखणीत सुरुवातीपासून असलेल्या चार्ल्स कोरियांनी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये सात-सात घरे एकेका अंगणाभोवती बसवली, वर उतरती छपरे दिली. नवीन पनवेलमध्ये मात्र बहुतेकांच्या वाट्याला सपाट स्लॅब आला. हजारो कुटुंबांना परवडणारे पक्के घर त्यातूनच मिळाले, त्याचे मोल मोठे आहे. पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी त्याची किंमत उकाड्यात मोजली. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो आणि पंखा तीच गरम हवा फिरवतो. मग एसी येतो आणि पाठोपाठ महावितरणचे वाढलेले बिल.

स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचे चायना मोझॅक, ही मुंबई परिसरातली जुनी रीत. ती गळतीसाठी, पण विटा उष्णता रोखतात आणि पांढरा रंग ऊन परतवतो. कोबा फुगला, चिरा पडल्या, पाणी झिरपू लागले की सोसायटीच्या सभेत पत्र्याच्या शेडचा ठराव येतो. चर्चा होते ती गळतीची आणि वर्गणीची. शेड उभी राहिल्यावर मात्र वरच्या मजल्याला उन्हाळाही सुसह्य होतो, कारण पत्रा आणि स्लॅब यांमधल्या मोकळ्या जागेतून वारा वाहतो. माळा जे करत होता, तेच ही पोकळी करते. तिच्या बाजू सामान ठेवण्यासाठी बंद केल्या, तर ती भट्टी होते. एवढे पथ्य प्रत्येक सोसायटीने पाळायलाच हवे.

तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. त्यात छतावर ऊन परतवणारा पांढरा लेप देण्यावर भर आहे. पत्र्यालाही तो देता येतो. त्यानंतरही एसी लागला, तर तो २४ अंशांवर ठेवावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्यानुसार तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल बसले की जिना आणि पाण्याच्या पंपाची वीज छतावरच तयार होते, आणि पॅनेलखालच्या छताला सावलीही मिळते.