निरीक्षणगृहाची पूर्वपीठिका

हूड मुलाला ‘रिमांड होममध्ये घालीन’ असा धाक कर्जत-खालापूरकडील घरांतून आजही घातला जातो. कर्जतच्या निरीक्षणगृहाकडेही आपले ज्ञातिबांधव एक लहानसा तुरुंग म्हणूनच पाहतात. वस्तुतः अशा संस्था मुलांना तुरुंगापासून दूर ठेवण्यासाठी निर्माण झाल्या.

किरकोळ चोरीत सापडलेले पोर आणि मुरलेला दरोडेखोर यांना एकाच तुरुंगात कोंडण्याची रीत पूर्वी होती. 1850 च्या उमेदवारी कायद्याने 10 ते 18 वर्षांच्या निराधार वा अपराधी मुलांना कारागिराच्या हाताखाली देण्याची सोय झाली. 1856 मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत पोहोचली व घरातून पळालेल्या पोराला मुंबई जवळची झाली. पुढच्याच वर्षी बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या औदार्यातून मुंबईत सुधारशाळा उभी राहिली. ती आज माहीमला आहे. (1843 मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने अशी पहिली शाळा काढल्याचे काही पुस्तकांत छापलेले आढळते. तो गृहस्थ 1805 मध्येच गाझीपूर येथे वारला होता!)

1919-20 च्या तुरुंग समितीने मुलांना तुरुंगात धाडण्याचा स्पष्ट निषेध केला. त्यातून 1924 चा मुंबई मुलांचा कायदा आला व 1927 मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. तिचे उमरखाडीचे बालगृह डोंगरीच्या जुन्या तुरुंगातच भरले. कोल्हापूर प्रकरणी 1882 मध्ये टिळक-आगरकरांनी 101 दिवस काढले, तो हाच तुरुंग. बंदिशाळेच्या भिंती तशाच ठेवून आतला हेतू तेवढा पालटावयाचा, हे अवघड काम होते. लोकांच्या मनातील गोंधळाचे मूळही मला तेथेच दिसते.

रिमांड होम म्हणजे शिक्षेचे घर नव्हे. चौकशी चालू असता मुलाला ठेवावयाचे, त्याची घरची स्थिती, शाळा, संगत समजून घ्यावयाची आणि शक्य तर त्याला आईबापांच्या स्वाधीन करावयाचे, एवढाच त्याचा हेतू. ‘निरीक्षणगृह’ हे नाव म्हणूनच अधिक यथार्थ होय.

2015 च्या कायद्यान्वये मुलाचा अपराध सिद्ध झाला तरी सामान्यतः त्यामुळे पुढील आयुष्यात त्याला कोणतीही अपात्रता चिकटत नाही. परंतु आपल्या ज्ञातीत सोयरीक जुळविताना ‘मुलगा लहानपणी आत होता काय?’ ही चौकशी अजून होते, आणि ती करणारांत सुशिक्षित मंडळीही असतात.