विस्तवावर चालणारा फ्रीज

विस्तव आणि बर्फ यांचे वैर आपण गृहीतच धरलेले असते. पण युरोप-अमेरिकेत लोक घरासारखी जी गाडी घेऊन महिनोन्महिने हिंडतात, त्या कॅरव्हॅनमधला फ्रीज वर्षानुवर्षे गॅसच्या छोट्याशा ज्योतीवर चालत आला आहे. खाली ज्योत, वर बर्फ. कॉम्प्रेसर नाही, घरघर नाही.

यातले मर्म आपल्या माठाला ठाऊक आहे. पाझरलेले पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेते आणि आतले पाणी गार होते. या फ्रीजमध्ये तेच काम अमोनिया करतो. कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकतो तेव्हा नाकात झणका जातो ना, त्यात हा अमोनिया असतो.

गार पाणी अमोनिया शोषून घेते आणि तापवले की सोडून देते. फ्रान्सच्या फर्दिनां कारेने या गुणावर बर्फाचे यंत्र बांधले आणि १८५९ साली त्याचे पेटंट घेतले. दोनच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेकडच्या तळ्यांतला बर्फ दक्षिणेला मिळेनासा झाला, तेव्हा नाकेबंदी चुकवून कारेची यंत्रे तिकडे नेण्यात आली.

कारेच्या यंत्राला पंप लागे. तो काढून टाकला स्टॉकहोमच्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी, १९२२ साली. त्यांनी नळ्यांत हायड्रोजन भरला. त्यामुळे आतला एकूण दाब सगळीकडे सारखा राहतो आणि हायड्रोजनच्या सोबतीत अमोनियाची वाफ सहज होते. उकळीचे बुडबुडेच द्रावण वर ढकलतात, पुढचा प्रवास उतारावरून आपोआप होतो. १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्स कंपनीने हा शोध विकत घेतला.

त्याच सुमारास बर्लिनमध्ये फ्रीजमधून विषारी वायू गळून एक कुटुंब झोपेतच दगावल्याची बातमी आइन्स्टाइनने वाचली. तो लिओ झिलार्डला घेऊन हलता भाग नसलेला फ्रीज आखायला बसला. १९३० साली अमेरिकेत त्यांना पेटंटही मिळाले, पण तो फ्रीज बाजारात आला नाही. स्वीडिश विद्यार्थ्यांचा मात्र वीज नसलेल्या घरांत पोचला आणि पुढे कॅरव्हॅनमध्येही बसला.

ज्यात काही हलत नाही, ते बिघडते कसे? बहुतेक वेळा उभे राहण्याच्या ढबीमुळे. द्रावण उतारावर अवलंबून असते. गाडी धावताना दोन्हीकडे डुलते, त्याने फारसे बिघडत नाही. पण ती कलती उभी करून फ्रीज चालू ठेवला, तर द्रावण नळीत अडते, खालचा भाग कोरडा तापतो आणि नळ्या गंजू नयेत म्हणून घातलेल्या क्षाराचे खडे होऊन वाट बंद पडते. म्हणून जाणते प्रवासी मुक्कामाला पोचले की गवंड्यासारखी पाणसळ काढतात.

दुसरे दुखणे ज्योतीचे. ती निळी हवी. पिवळी पडली तर बर्नर, गॅसचे छिद्र आणि धुराडे साफ करून घ्यावे. गॅसच्या वासाने कोळीसुद्धा तिथे जाळे विणतात. छिद्रात टाचणी मात्र घालू नये, ते मोठे होते. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवावे. मागच्या जाळीतून हवा खेळती हवी.

दोष ओळखायची युक्ती सोपी आहे. फ्रीज विजेवर गार होतो आणि गॅसवर होत नाही, तर दोष ज्योतीच्या बाजूचा. दोन्हींवर खालचा भाग नीट तापतो, गाडी सपाट आहे, हवाही खेळती आहे आणि तरी गारवा नाही, तर नळ्यांच्या संचातच बिघाड. पण घाई करू नये, गार व्हायला त्याला कित्येक तास लागतात. मागे पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा वास आला, तर फ्रीज बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि जाणकाराला बोलवावे. पूड विषारी असते, तिला हात लावू नये.

धुराड्याकडे दुर्लक्ष जीवघेणे ठरते. १९३३ ते १९५७ या काळातले सर्व्हेल कंपनीचे गॅसचे फ्रीज जुने झाल्यावर कार्बन मोनॉक्साइड सोडून माणसे दगावली. शेवटी अमेरिकी सरकारच्या ग्राहक सुरक्षा आयोगाला ते वापरू नका असे बजावावे लागले.

आता नव्या गाड्यांत बॅटरीवरचे कॉम्प्रेसर फ्रीज येत आहेत. पण विजेच्या तारेपासून दूर, रानातल्या मुक्कामी, जुना फ्रीज अजून निमूट बर्फ करतो. त्याला हवी सपाट जमीन, स्वच्छ ज्योत आणि थोडी मोकळी हवा.