तान्ह्या बाळाचे पाप : एका वादाचा इतिहास

आपल्याकडच्या बयानांत ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘त्यांच्याकडे मूल जन्मतःच पापी असते, आपल्याकडे ते फितरतवर जन्मते.’ वाक्याचा दुसरा भाग बरोबर आहे. हजरत आदम यांची चूक झाली, त्यांनी तौबा केली, अल्लाहने ती कबूल केली. तिथे तो हिशेब मिटला. कुणी कुणाचे ओझे वाहणार नाही, हे कुरआनने वारंवार सांगितले आहे. पहिला भाग मात्र अर्धाच खरा आहे. आदमचा गुन्हा प्रत्येक बाळाच्या माथी असतो, हे मत सगळ्या ख्रिस्ती जगाने एका दिवशी मान्य केलेले नाही. त्यावर तिथे मोठे भांडण झाले.

हे भांडण पाचव्या शतकातले. एका बाजूला ऑगस्टिन. जन्म सन 354, गाव थागास्ते, म्हणजे आजच्या अल्जीरियातले सूक अहरास. पुढे तो जवळच्या हिप्पोचा (आजचे अन्नाबा) बिशप झाला. दुसऱ्या बाजूला ब्रिटनहून रोमला आलेला पेलाजियस नावाचा साधुवृत्तीचा शिक्षक. ‘देवा, तुला जे हवे ते माझ्याकडून तूच करून घे’ अशा अर्थाची ऑगस्टिनची प्रार्थना ऐकून तो भडकला. माणसाने सगळे देवावर सोडले तर तो सुधारणार कशाला? देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळण्याची ताकदही दिली आहे. आदमने वाईट उदाहरण घालून दिले, पण त्याचे पाप रक्तातून आपल्यात उतरत नाही, असे त्याचे म्हणणे.

वाचणाऱ्या मुसलमानाला पेलाजियस आपला वाटेल. पण जरा थांबावे. पेलाजियसची शिकवण फार कडक होती. ताकद आहे, तर चुकायला सबबच उरत नाही. ऑगस्टिनने स्वतःच्या तारुण्यातल्या सवयी सोडताना काय हाल होतात ते भोगले होते. नुसत्या इच्छेने माणूस सुटत नाही, देवाची कृपा लागते, हे त्याचे म्हणणे सामान्य माणसाला धीर देणारेच होते. गडबड झाली ती पुढच्या पायरीवर.

ऑगस्टिनने मांडले की आदममध्ये सगळी मानवजात एकत्र चुकली. ती देवाच्या न्याय्य क्रोधाखाली असलेला एकच गोळा आहे, त्यातून देव काहींना दया म्हणून उचलतो. आधार होता पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या पाचव्या अध्यायाचा. ग्रीक मुळात ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा अर्थ निघतो. ऑगस्टिनच्या हातातल्या लॅटिन भाषांतरात मात्र ते ‘ज्याच्यात सर्वांनी पाप केले’ असे वाचता येत होते. एका शब्दाने केवढा फरक पडला! अर्थात सगळा दोष भाषांतराला देता येणार नाही. चर्चमध्ये तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत असत. पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा असेल तर बाळाचे कोणते पाप, या प्रश्नाला त्याला उत्तर हवे होते.

मग बाप्तिस्म्याआधीच दगावलेल्या बाळाचे काय? ऑगस्टिनचे उत्तर: शिक्षा, पण सगळ्यांत सौम्य. हे लिहिताना त्याला चैन नव्हते. सन 415 मध्ये त्याने बेथलेहेमला जेरोमला पत्र लिहिले आणि या लेकरांना शिक्षा कोणत्या न्यायाने, हे मला समजावून सांगा, अशी विनवणी केली. मत मात्र सोडले नाही.

त्याच वर्षी पॅलेस्टाइनमधल्या लुद्द येथील धर्मसभेने पेलाजियसला निर्दोष ठरवले. नवे पोप झोसिमस हेही आधी त्याच्याकडे झुकले होते. 30 एप्रिल 418 रोजी सम्राट होनोरियसने त्याला रोममधून हद्दपार करण्याचे फर्मान काढले, दुसऱ्याच दिवशी कार्थेजच्या सभेने निषेध केला आणि पोपही फिरले. युक्तिवादाइतकाच दरबाराचाही हात होता. आपणही यावर फार बोलू नये. इन्सानचा इख्तियार मानणाऱ्या गैलान दमिश्कीला खलीफा हिशामच्या काळात ठार मारले गेले, हे आपल्याच इतिहासात आहे.

इटलीतला बिशप ज्युलियन आणि त्याच्या सोबतचे काही बिशप सहीला तयार झाले नाहीत. ज्युलियनचा सवाल सरळ होता: बाळाला शिक्षा करणारा देव न्यायी कसा? त्याला उत्तर देणारा ग्रंथ ऑगस्टिन अखेरपर्यंत लिहीत होता. सन 430 मध्ये व्हँडलांनी हिप्पोला वेढा घातलेला असताना तो वारला. ग्रंथ अपुरा राहिला.

पूर्वेकडच्या ग्रीक चर्चने पेलाजियसला नाकारले, पण ऑगस्टिनचा वारसाहक्काने येणारा गुन्हाही उचलला नाही. त्यांच्या मते आदमकडून आपल्याला मृत्यू आणि दुबळेपण मिळाले, अपराध नव्हे. तारण म्हणजे त्या मृत्यूवर मात, दंड भरणे नव्हे. पश्चिमेत मध्ययुगीन पंडितांनी अशा बाळांसाठी ‘लिंबो’ नावाची जागा कल्पिली, जिथे यातना नाहीत पण देवाचे दर्शनही नाही. सन 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने लिहिले की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांचे तारण होईल अशी आशा धरायला सबळ कारणे आहेत. खात्री दिली नाही, आशा म्हटले. जेरोमला पत्र जाऊन तोवर जवळपास सोळाशे वर्षे झाली होती.