पुढाऱ्याशी जोड

क्रीडास्पर्धेच्या उद्घाटनाला पुढारी आला की आमच्या जालना जिल्ह्यात सगळं ठरल्याप्रमाणे होतं. मांडव, सोफे, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मग मनोगत. मुली तोवर उन्हात ओळीनं उभ्या. शेवटी साहेब कोर्टावर येतात, कुणीतरी हातात दिलेला चेंडू एकदा रिंगकडे टाकतात, फोटो निघतात आणि गाड्या पुढच्या कार्यक्रमाला रवाना होतात. माझी सगळी नोकरी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात आणि मुलींना बास्केटबॉल खेळवण्यात गेली. मनोगतात जवळजवळ प्रत्येक पाहुणा सांगतो की आपल्याला खेळाची फार आवड आहे, आपणही एके काळी मैदान गाजवलं आहे. यावर खरं म्हणजे एकच उत्तर शोभतं: मग या, खेळा आमच्याशी. असं उत्तर देण्याची रीत आपल्या मुलखात होती. ती कशी होती आणि कुठे अडली, ते मला सांगायचं आहे.

माझं माहेर घनसावंगी तालुक्यातलं. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच तालुक्यात. १६०८ साली इथं जन्मलेल्या माणसानं पुढे कृष्णाकाठच्या मुलखात मारुती स्थापले, बलोपासनेचा आग्रह धरला. आमच्या गावातही मारुतीचं देऊळ आणि त्याला चिकटून तालीम होती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड भरायचा. बायकांनी फडात जायचं नाही, म्हणून आम्ही मुली आणि आयाबाया माळवदावर चढून बघायचो. तिथून कुस्तीपेक्षा जोड लागताना जास्त छान दिसायची.

आधी रेवड्यांच्या कुस्त्या, म्हणजे पोरासोरांच्या. मग नारळावरच्या. मग रुपयांचे आकडे चढत जायचे, हलगीचा ठेका बदलायचा आणि एखादा पैलवान लंगोट कसून, एक हात वर करून हौद्याभोवती फेरी मारायला निघायचा. तोंडानं काही बोलायचा नाही. त्याचा वर केलेला हात हेच आव्हान. गर्दीतून कुणीतरी उठायचा, सदरा काढून शेजाऱ्याच्या मांडीवर टाकायचा आणि त्या हाताला हात लावायचा. पंच दोघांना पाठीला पाठ लावून उभं करायचे, उंची बघायचे, दंड चाचपायचे. जोड विजोड वाटली तर दोघांनाही परत पाठवायचे. तसं परत जाण्यात लाज नव्हती. जमली, तर माती कपाळाला लावून सलामी. कोण कुठल्या घरचा, हे जोड लावताना पंच विचारत नसत. पाटलाचा पोरगा फेरीला निघाला आणि त्याच्याच सालगड्याच्या पोरानं हात दिला, तरी पंचांनी उंची आणि वजनच बघायचं. एरवी अंतर राखून वागणाऱ्या गावात एवढी एक जागा अशी होती, हे मला आजही मोठं वाटतं.

राज्यकर्ते या मातीपासून लांब नव्हते. कोल्हापूरचे शाहू महाराज स्वतः कुस्ती खेळलेले. १९०२ साली ते युरोपला गेले, रोममधलं जुनं क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि परत आल्यावर खासबागेत तसं मैदान उभं करायचं मनावर घेतलं. १९१२ साली ते तयार झालं. त्याची रचना अशी की सगळ्यात मागे बसलेल्या माणसालाही हौद्यातली पकड दिसावी. ज्याच्या अंगाला कधी माती लागली आहे त्यालाच हे सुचणार, असं माझं मत आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तक लिहिलं, पण मुख्य म्हणजे रोज स्वतः घातले, उतारवयातही. प्रजेला सांगायचं ते आधी आपल्या गुडघ्यांना करायला लावायचं, हा त्यांचा शिरस्ता.

स्वातंत्र्यानंतर हे एकदम संपलं असं नाही. १९५३ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीत खासदारांचा क्रिकेट सामना झाला, पंतप्रधानांचा संघ विरुद्ध उपराष्ट्रपतींचा संघ, पूरग्रस्तांच्या मदतीसाठी. पंडित नेहरू तेव्हा साठी ओलांडलेले, पण पॅड बांधून मैदानात उतरले.

आणि आपल्या राज्यात तर पुढाऱ्यांच्या अशा मैत्रीच्या सामन्यापायी एक अख्खं स्टेडियम उभं राहिलं. मुंबईच्या क्रिकेटवर्तुळात ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. १९७२ नंतरचा काळ. बॅरिस्टर शेषराव वानखेडे विधानसभेचे अध्यक्ष होते आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनचेही. काही तरुण आमदार त्यांच्याकडे गेले. आमदारांचा एक मदतनिधी सामना खेळायचा आहे, म्हणाले. मैदान म्हणजे अर्थातच ब्रेबॉर्न, आणि ब्रेबॉर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचं. क्लबचे अध्यक्ष विजय मर्चंट. वानखेडे त्यांच्याकडे आमदारांना घेऊन गेले, मर्चंट यांनी नकार दिला. कसोटीच्या तिकिटांच्या वाट्यावरून दोन संस्थांमध्ये आधीपासून ताणलेलं होतंच. त्या भेटीत वानखेड्यांनी सुनावलं की मग आम्ही आमचं मैदान बांधू. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी पाठबळ दिलं, आराखडा तरुण वास्तुविशारद शशी प्रभू यांचा, आणि चर्चगेटजवळ सुमारे तेरा महिन्यांत काम उभं राहिलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथली पहिली कसोटी झाली, वेस्ट इंडिजविरुद्ध. त्या सामन्यात क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ धावा केल्या, आपल्या एकनाथ सोलकरनं शतक ठोकलं. हे सगळं क्रिकेटच्या पुस्तकांत सापडतं. ज्या आमदारांना खेळायचं होतं त्यांच्या सामन्याची आठवण मात्र कुणी काढत नाही. मला ते आमदार फार जवळचे वाटतात. त्यांना उद्घाटन करायचं नव्हतं, फलंदाजी करायची होती.

माझ्या मते बदल इथूनच झाला. पुढारी खेळणारा होता, तो हळूहळू खेळाच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. संस्था लागतातच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मामासाहेब मोहोळांनी १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन केली नसती तर ‘महाराष्ट्र केसरी’ ही स्पर्धा आपल्याला मिळाली नसती. १९६१ ची महाराष्ट्र केसरी आमच्या मराठवाड्यात, औरंगाबादला झाली आणि दिनकर दह्यारी पहिले केसरी ठरले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. आमचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. त्या औरंगाबादच्या मैदानानंतर सत्तावन्न वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, बासष्टावी महाराष्ट्र केसरी जालन्याच्या आझाद मैदानावर आली. तेव्हा राज्यमंत्री असलेले अर्जुन खोतकर तिच्या आयोजनात पुढे होते. माती विभागातून आलेल्या बाला रफिक शेखनं गादी विभागातल्या, आदल्या वर्षीच्या केसरीला, अभिजित कटकेला, ११-३ अशा गुणांनी हरवलं. बुलढाण्याकडून खेळणारा, करमाळा तालुक्यातल्या खडकी गावचा हा मुलगा गदा खांद्यावर घेऊन फिरला तेव्हा अख्खं शहर रस्त्यावर होतं. जालन्यानं ते मैदान मनापासून सांभाळलं. मला त्याचा अभिमान आहे.

पण त्याच सुमारास लोकसभेच्या निवडणुकीचं वारं सुटलं होतं आणि आखाड्याची सगळी भाषा व्यासपीठावर चढली. शड्डू ठोकले, लंगोट कसला, अस्मान दाखवू, चितपट करू. हे शब्द कुस्तीगिरांनी घाम गाळून कमावलेले आहेत. वर हात करून गप्प फेरी मारणारा पैलवान ज्यांनी पाहिला आहे, त्यांना माइकवरचा शड्डू ऐकवत नाही. शिवाय फडात एक नियम असतो: कुस्ती निकाली झाली की हरलेल्याचा हात जिंकणाऱ्यानं धरायचा. सभेत तेवढाच भाग गाळला जातो.

आता माळवदाबद्दल. जोड लावण्याची ही रीत कितीही चांगली म्हटली तरी ती पुरुषांची होती. आमचा हात वर करायला आमच्यासाठी हौदाच नव्हता. महिलांची महाराष्ट्र केसरी झाली ती २०२३ साली, सांगलीत. प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी. म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेनंतर बासष्ट वर्षांनी. माझ्यासारखीला मधल्या काळात दुसरं मैदान शोधावं लागलं. ते मला अमरावतीत मिळालं. वैद्य बंधूंनी १९१४ साली उभं केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, ज्यांच्या चमूनं १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, तिथं मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि तिथंच बास्केटबॉलच्या प्रेमात पडले.

या खेळाचा जन्म १८९१ च्या डिसेंबरातला, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमधला. हिवाळ्यात घराच्या आत खेळायला काहीतरी हवं म्हणून जेम्स नायस्मिथ या शिक्षकानं सज्जाच्या कठड्याला फळांच्या टोपल्या ठोकल्या, दहा फुटांवर. रिंग आजही दहा फुटांवरच आहे. पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं तो मुलींच्या कॉलेजात नेला. कुस्तीत आम्हाला जे बासष्ट वर्षांनी मिळालं ते इथं वर्षभरात मिळालं. भारतात या खेळाची घडी बसवण्यात मद्रासच्या वायएमसीएचा मोठा वाटा आहे. हॅरी बक यांनी १९२० मध्ये तिथं शारीरिक शिक्षणाचं विद्यालय काढलं आणि तिथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी खेळ गावोगाव नेला. मी त्याच वाटेवरची एक.

माझ्या शाळेच्या कोर्टाला सिमेंट आहे, पण एका कोपऱ्यात तडा गेलेला. तिथं चेंडू आपटला की तो सरळ वर येत नाही, डावीकडे वळतो. आमच्या मुली त्या तड्याला ओळखतात. बाहेरच्या संघाची खेळाडू तिथं आली की मुद्दाम तिला तिकडेच रेटतात. रिंगला जाळी टिकत नाही, म्हणून चेंडू नुसता लोखंडातून जातो. तो आत गेला की बाहेरून, हे नुसत्या आवाजावरून डोळे मिटून सांगता येतं. रेषा पावसाळ्यानंतर मुली स्वतः चुन्यानं मारतात. सकाळी सहाला सराव, कारण मे महिन्यात आठनंतर सिमेंटवर बूट भाजतात. शहराच्या एका टोकाला लोखंडाच्या भट्ट्या, आणि आमच्या संघातल्या निम्म्या मुलींचे बाप तिथं पाळीवर जाणारे.

इथल्या पुढाऱ्यांनी एका उदाहरणाकडे बघावं असं वाटतं. बराक ओबामा अमेरिकेचे अध्यक्ष असताना नियमित बास्केटबॉल खेळायचे. नोव्हेंबर २०१० मध्ये अशाच एका सामन्यात समोरच्या संघातल्या गड्याचं कोपर त्यांच्या ओठाला लागलं आणि बारा टाके पडले. त्या गड्यावर कुणी खटला घातला नाही, त्याला कुणी पक्षातून काढलं नाही. राष्ट्राध्यक्षांच्या अंगाला अंग भिडवणारा खरा खेळला, कारण समोरचाही खरा खेळत होता. पुढारी खेळतो म्हणजे काय, ते हेच: त्यालाही कोपर लागू शकतं, आणि ते लागू द्यायची त्याची तयारी असते. आमच्या पोरींना असा माणूस एकदा समोर मिळावा, एवढीच इच्छा आहे.

म्हणून मी हात वर करते आहे. जिल्ह्यातल्या कुठल्याही पक्षाच्या, खेळाची आवड असलेल्या आमदार-खासदारांना हे आव्हान आहे. सामना तीन विरुद्ध तीन, अर्ध्या कोर्टावर, एका रिंगवर, ऑलिंपिकमध्ये टोकियोपासून खेळतात तसा. दहा मिनिटं किंवा आधी एकवीस गुण. कमानीच्या आतून एक गुण, बाहेरून दोन. बारा सेकंदांत चेंडू रिंगकडे गेला पाहिजे, त्यामुळे भाषणाला वेळ मिळत नाही. आमच्याकडून नववीच्या मुली. तुमच्याकडून तिघं, पण तिघंही वेगवेगळ्या पक्षांचे हवेत, ही माझी एकच अट. तिघांपैकी कुणालाही एकट्यानं चेंडू पुढे नेता येणार नाही हे मुलींना माहीत आहे. तुम्ही एकमेकांना पास देता का, हे त्यांना बघायचं आहे. जोड विजोड वाटेल, वय आडवं येईल, तर पंचांना विचारू. पंच दुसऱ्या जिल्ह्यातून बोलावू. मांडव घालणार नाही, सोफे आणणार नाही. प्रेक्षक कोर्टाच्या कडेनं उभे राहतील, आणि ज्या आयांना त्यांच्या लहानपणी माळवदावरून बघावं लागलं त्या पहिल्या रांगेत असतील.

वेळ सकाळी सहाची, ऊन चढायच्या आत. वार तुम्ही सांगा. चप्पल घालून कोर्टावर उतरता येत नाही, तेव्हा बूट नसतील तर माप दोन दिवस आधी कळवा, मी आणवून ठेवीन.