निर्णयक्षमता-मूल्यमापन : ऑनलाइन प्रशिक्षण (जुन्नर-आंबेगाव)

आपल्या उपचाराचा निर्णय रुग्णाला स्वतः घेता येतो का, हे पारखण्याचे कौशल्य डॉक्टर-परिचारिकांना दूरस्थ पद्धतीने शिकवण्याची सोय. भारतात या पारखीला कायद्याची चौकट मिळाली ती मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मुळे (अंमल २९ मे २०१८ पासून). त्याचे कलम ४ प्रत्येक व्यक्ती सक्षम आहे असे धरूनच सुरू होते. माहिती समजणे, निर्णयाच्या परिणामांचे भान असणे किंवा बोलून, हावभावाने, खुणेने निर्णय कळवता येणे, अशा तीन कसोट्या ते देते. या तिन्हींना जोडणारा शब्द ‘किंवा’ आहे, ‘आणि’ नाही. इंग्लंडच्या २००५ च्या कायद्यात समजणे, लक्षात ठेवणे, तोलणे आणि कळवणे या चारही गोष्टी जमाव्या लागतात. आपल्याकडे शब्दशः वाचले तर एक पुरते. निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून क्षमता नाही असे ठरत नाही, हेही याच कलमात आहे, आणि शिकणाऱ्याला पचायला तेच सर्वांत जड जाते.

मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, घोडेगाव व जुन्नरची ग्रामीण रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे ही पुणे जिल्ह्याच्या जुन्नर-आंबेगाव भागातील सरकारी सेवेची फळी. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय जुन्नरहून सुमारे ९० किलोमीटर. डिंभे धरणाच्या काठच्या वाड्यांवरून तर तिथे जाण्यात दिवस मोडतो. त्यामुळे पहिली पारख वैद्यकीय अधिकाऱ्यावरच येते. २०१७ च्या कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत मानसिक उपचार देऊ शकतो, मात्र नामनिर्देशित प्रतिनिधी (कायद्याने रुग्णाच्या वतीने बोलू शकणारी व्यक्ती) हजर असेल तर त्याच्या संमतीने. बाह्यरुग्ण विभाग बंद ठेवून शिकायला जाणे अशा अधिकाऱ्याला परवडत नाही, म्हणून ऑनलाइन वाट. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेची डिजिटल अकादमी २०१८ पासून आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे ‘क्वालिटीराइट्स’ ई-प्रशिक्षण २०२२ मध्ये सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले. पुण्यात इंडियन लॉ सोसायटीचे मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र याच विषयात काम करते.

चित्रफिती आणि बहुपर्यायी प्रश्नांतून कलमे पाठ होतात, विचारण्याची हातोटी येत नाही. ती येते आपला रुग्ण पडद्यावर मांडून तज्ज्ञांशी चर्चा करताना. ‘समजलं का?’ या प्रश्नाला उत्तर ‘हो डॉक्टर’ हेच असते; ‘बाबा, मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बघू’ असे विचारले की खरे काय ते कळते. माहिती रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत द्यावी, असे कायदाच सांगतो. महादेव कोळी वा ठाकर वस्तीतल्या आजीपुढे छापील संमतिपत्रातील मराठी ही सोपी भाषा नव्हे. तेवढ्यात शेजारून मुलगा म्हणतो, ‘तिला काय कळतंय, आणा, मी सही करतो.’

ही सही किती चालते? २०१७ चा कायदा मानसिक उपचारांपुरता आहे. शस्त्रक्रियेसारख्या इतर उपचारांना न्यायालयांनी घडवलेले संमतीचे तत्त्व लागू होते. तात्काळ धोका नसताना, भुलीखाली असलेल्या सज्ञान स्त्रीच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमती सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अवैध ठरवली. शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते, एवढाच त्याचा अर्थ.

क्षमता माणसाला कायमची चिकटलेली नसते. ती त्या वेळेची आणि त्या निर्णयापुरती असते. या पट्ट्यात सर्पदंशाचे रुग्ण नेहमी येतात. मण्यार चावल्यावर पापण्या मिटतात, जीभ जड होते, आणि आजूबाजूचे ‘बेशुद्ध आहे’ म्हणतात. प्रत्यक्षात कित्येकदा त्याला सगळे ऐकू येत असते. अशा वेळी त्याला बोट हलवायला सांगून ‘हो-नाही’ विचारणे हेही मूल्यमापनच. म्हणूनच २०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ खाली (निर्णयासाठी जास्त आधाराची गरज असल्याने) दाखल झालेल्या मनोरुग्णाच्या बाबतीत नामनिर्देशित प्रतिनिधीने त्याच्यासाठी संमती दिली असेल, तर क्षमतेची फेरतपासणी दर सात दिवसांनी करावी लागते, आणि संमतीची नोंद केसपेपरवर.