लेखन आणि दुसऱ्याची ओंजळ



भाषण करणारा असो, मागणीपत्र लिहिणारा असो वा ग्रंथकार असो, लिहिण्याआधी त्याला मुद्दे लावून घ्यावे लागतात. मोठा मुद्दा वर, त्याच्या पोटात लहान मुद्दे, त्यांच्या पोटात दाखले. कागदावर ही उतरंड एकदा रचली की मधले मडके काढणे कठीण. संगणकाने ही अडचण दूर केली. मुद्दा उचलून दुसरीकडे नेला की त्याच्या पोटातले सारे त्याच्यासह जाते. नको तो भाग मिटवून ठेवता येतो. या साधनाला आउटलायनर म्हणतात. त्याचा इतिहास थोडा आहे, पण त्यात आम्हा कामगारांचा एक जुना प्रश्न दडलेला आहे: हत्यार कोणाच्या ताब्यात?

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी तज्ज्ञांच्या सभेपुढे एक प्रयोग केला. पडद्यावर त्यांनी बाजाराची यादी लिहिली, तिचे गट पाडले, गट मिटवले आणि उघडले. पण ज्या यंत्रावर हे चालले होते ते सभागृहात नव्हतेच. ते सुमारे ३० मैलांवर मेन्लो पार्क येथे होते. यंत्र इतके महाग होते की ते अनेकांनी वाटून वापरावे लागे. तार तुटली असती तर यादीही तिथेच थांबली असती.

पुढे यंत्र स्वस्त झाले व घरात आले. १९८३ मध्ये डेव्ह वायनर यांच्या संस्थेने ॲपल-२ या संगणकासाठी ‘थिंकटँक’ आणि १९८६ मध्ये मॅकिंटॉशसाठी ‘मोअर’ हे आउटलायनर काढले. कार्यक्रम फ्लॉपीवर, लेखनही फ्लॉपीवर, आणि फ्लॉपी लेखकाच्या खणात. वीज असली की काम चाले. कोणाची परवानगी लागत नसे. मात्र फ्लॉपी बिघडली की लेखन गेले, आणि दोघांनी मिळून लिहायचे तर दोन प्रतींचा मेळ हाताने घालावा लागे.

म्हणून इंटरनेटवरील साधने आली तेव्हा लोकांनी त्यांचे स्वागत केले, ते योग्यच होते. २०१० मध्ये निघालेले ‘वर्कफ्लोवी’ हे त्यांतले एक. लेखन कंपनीच्या सर्व्हरवर राहते. कोणत्याही गावी, कोणत्याही संगणकावर ते उघडता येते. चारजण एकाच आराखड्यावर काम करू शकतात. हा लाभ खोटा नाही. परंतु मूळ रचनेत अशा साधनांचे लेखनच नव्हे, तर लिहिण्याचे साधनही दर वेळी तारेवरून येते. म्हणजे १९६८ सालचे दूरचे यंत्र पुन्हा आले. कोर्टाच्या जाड भिंतींआड किंवा घाटातल्या एस.टी.त रेंज गेली, की ज्याचे मुद्दे त्यालाच दिसेनासे होतात. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे म्हणतात ते हेच.

यावर उपाय निघाले. २००७ मध्ये गूगलने ‘गिअर्स’ काढले. त्यामुळे लेखनाची प्रत वापरणाऱ्याच्या संगणकात राहू लागली. २००८ मध्ये त्याच्या आधारे गूगल डॉक्सवर ऑफलाइन, म्हणजे जोडणीवाचून, लिहिता येऊ लागले. मे २०१० मध्ये नव्या रचनेसाठी ही सोय काढून घेण्यात आली. २०११ मध्ये नुसते वाचणे परत मिळाले, आणि लिहिणे २०१२ मध्ये. ही कथा आउटलायनरची नव्हे, साध्या लेखनसाधनाची आहे; पण धडा तोच. सवलत देणारा ती परत घेऊ शकतो. सवलत आणि हक्क यांतले अंतर गिरणगावातल्या कामगाराला कोणी शिकवावे लागले नाही.

हे काम सोपे आहे, असे मात्र समजू नका. जोडणी नसताना एकाने ‘बोनस’ हा मुद्दा ‘पगार’ या मुद्द्याच्या पोटात घातला, आणि दुसऱ्याने त्याच वेळी ‘पगार’ हाच ‘बोनस’च्या पोटात घातला, तर जोडणी आल्यावर कोण कोणाच्या पोटात? यंत्राला अशा पेचाचा निवाडा करण्याचा नियम आधीच द्यावा लागतो. मार्टिन क्लेपमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एका निबंधात मांडले की मूळ प्रत लेखकाच्याच यंत्रात असावी आणि सर्व्हरने मदतनिसाचे काम करावे. सहकार्य हवे म्हणून मालकी सोडावी लागत नाही, हा त्या विचाराचा गाभा आहे.

त्याआधीही मार्ग होते. २००० मध्ये वायनर यांनी आउटलाइनसाठी ‘ओपीएमएल’ हा खुला साचा दिला. एका साधनातली उतरंड त्यातून दुसऱ्या साधनात नेता येते. २००३ मध्ये कार्स्टेन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञांनी ‘ऑर्ग-मोड’ सुरू केले. त्यातले लेखन साध्या अक्षरांच्या फाइलीत राहते आणि ती फाइल कोणत्याही संगणकावर वाचता येते.

तेव्हा साधन निवडताना तीन मागण्या ठेवाव्यात. माझ्या लेखनाची पूर्ण प्रत माझ्या यंत्रात असावी. जोडणी नसतानाही ते उघडावे आणि त्यात लिहिता यावे. साधन सोडायचे झाल्यास सारे लेखन खुल्या साच्यात बरोबर नेता यावे. यांपैकी एकही मागणी अवाजवी नाही. सुतार दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला जातो, पण रंधा आपल्या पिशवीत ठेवतो. लिहिणाऱ्यानेही निदान तेवढे करावे.